दूरच्या डिरेक्टरीत वाट का चुकते?

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइली नेण्या-आणण्याची जी जुनी पद्धत एफटीपी या नावाने ओळखली जाते, तिचा क्लायंट स्वतः लिहिणे हा आमच्या विभागात बीसीएच्या विद्यार्थ्यांना दिला जाणारा एक नेहमीचा प्रकल्प आहे. जोडणी होते, नाव व पासवर्ड मान्य होतो, एखादी फाइल येतेही. पण डिरेक्टरी बदलायची वेळ आली की बहुतेकांचे प्रोग्राम अडखळतात. "सर, फोल्डर समोर दिसतोय, पण ५५० येतंय," ही तक्रार दरवर्षी कानावर येते. म्हणून या एकाच अडचणीचा जरा सविस्तर विचार येथे करावयाचे योजिले आहे.

इतकी जुनी पद्धत शिकायची कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीची सोय काढून टाकली, आणि मूळ एफटीपीत पासवर्ड उघडाच तारेवरून जातो हा तिचा दोष सर्वश्रुत आहे. तरीही अभ्यासासाठी मला ती आवडते. कारण क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातला सारा संवाद साध्या अक्षरांत, ओळीओळीने चालतो. तो वाचता येतो, आणि चूक कोठे झाली ते बोट ठेवून दाखवता येते.

या पद्धतीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मधला. तो लिहिणारे अभय भूषण मूळचे अलाहाबादचे, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले, आणि त्या वेळी एमआयटीत होते. आपल्या विद्यार्थ्यांना हे सहसा ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नोंदवले. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये पोस्टेल व रेनॉल्ड्स यांनी आरएफसी ९५९ लिहिला, आणि आजही मूळ नियम म्हणून तोच उघडावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'मी सध्या कोणत्या डिरेक्टरीत आहे' ही माहिती तुमच्या प्रोग्रामपाशी नसते; ती सर्व्हरपाशी असते. सरकारी कचेरीतल्या रेकॉर्ड रूमची कल्पना करा. आपण खिडकीबाहेर उभे असतो. आत एक शिपाई असतो. 'तिसऱ्या कपाटाकडे जा' असे आपण सांगतो, तो गेला तर 'गेलो' म्हणतो, नाही तर 'असले कपाट नाही' म्हणतो. कपाट आपल्याला दिसत नाही. त्याच्या शब्दावरच पुढचे सारे अवलंबून. सीडब्ल्यूडी ही आज्ञा म्हणजे 'तिकडे जा', सीडीयूपी म्हणजे 'एक पायरी वर ये', आणि पीडब्ल्यूडी म्हणजे 'कोठे उभा आहेस ते सांग'. (पीडब्ल्यूडी म्हटले की आपल्याकडे रस्त्यावरचे खड्डे आठवतात, येथे त्याचा तसा काही संबंध नाही.) शिपायाचे उत्तर न ऐकताच पुढची आज्ञा देणारा जे करून बसेल, तेच आमचे विद्यार्थी करतात.

त्याचे एक उदाहरण देतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाने सरावाच्या सर्व्हरवर नियतकालिकाची पाने ठेवली होती. 'मराठी विभाग' या डिरेक्टरीत ताजी पाने, आणि तिच्या पोटात 'जुनी मुद्रिते' नावाची दुसरी डिरेक्टरी. जुन्या मुद्रितांत शिरून तेथले सर्व पुसून टाकावे, एवढेच प्रोग्रामचे काम. सीडब्ल्यूडीला सर्व्हरने ५५० दिले, म्हणजे 'जाता आले नाही'. प्रोग्रामने ते उत्तर वाचलेच नाही. तो जिथे होता तिथेच, म्हणजे 'मराठी विभागा'तच, राहिला आणि पुसण्याच्या आज्ञा देत सुटला. जुनी मुद्रिते सुखरूप राहिली. ताजी पाने गेली. सराव होता आणि प्रत शिल्लक होती, म्हणून निभावले. एखाद्या पतपेढीच्या किंवा इस्पितळाच्या नोंदी असत्या तर? डिरेक्टरीतली चूक ही नुसती 'चालत नाही' अशी चूक नसते. पुष्कळदा सगळे चालते, पण भलत्याच जागी चालते. म्हणून माझा आग्रह असतो की पुसणे, नाव बदलणे किंवा फाइल चढवणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी पीडब्ल्यूडी विचारावे आणि आलेला मार्ग अपेक्षित मार्गाशी ताडून पाहावा. एका प्रश्नाला लागतो तो वेळ क्षुल्लक आहे.

उत्तरे कशी वाचायची, यातच निम्मा गोंधळ असतो. प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन अंक असतात. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ४ असेल तर तात्पुरता नकार, ५ असेल तर पक्का नकार. विद्यार्थी नेमका २५० हाच आकडा तपासतात. पण सीडीयूपीच्या बाबतीत आरएफसी ९५९ स्वतःच दोन तोंडांनी बोलतो: एका ठिकाणी त्याची उत्तरे सीडब्ल्यूडीसारखीच असावीत असे म्हणतो, म्हणजे २५०, आणि पुढे उत्तरांच्या यादीत २०० देतो. दोन्ही प्रकारचे सर्व्हर आढळतात. तेव्हा पहिला अंक पाहावा हे बरे. उलट ५५० चा अर्थही एकच नसतो. डिरेक्टरी नाही म्हणूनही ५५०, आणि आहे पण तुम्हाला परवानगी नाही म्हणूनही ५५०. 'नाही' असे गृहीत धरून ती नव्याने निर्माण करू पाहणारा प्रोग्राम दुसऱ्या प्रसंगी पुन्हा आपटतो.

दुसरी गोष्ट, उत्तर एकाच ओळीचे असते असा समज. आकड्यानंतर मोकळी जागा असेल तर ती शेवटची ओळ. जोडरेघ असेल तर अजून ओळी यायच्या आहेत. व्हीएसएफटीपीडी या लिनक्सवरील सर्व्हरात अशी सोय आहे की डिरेक्टरीत '.मेसेज' या अर्थाच्या नावाची फाइल ठेवली की आत येणाऱ्याला तिचा मजकूर सीडब्ल्यूडीच्या उत्तराबरोबर दाखवला जातो. आता ज्याचा प्रोग्राम एकच ओळ वाचतो, त्याला नऊ डिरेक्टऱ्यांत काहीच अडचण येत नाही, आणि दहावीत सूचना-फाइल निघाली की तेथून पुढे प्रत्येक आज्ञेला मागल्या आज्ञेचे उरलेले उत्तर मिळू लागते. हीच गत फाइल किंवा यादी मागवल्यानंतर येणारे २२६ हे 'पूर्ण झाले' असे सांगणारे उत्तर वाचायचे राहिले म्हणजे होते. मग अस्तित्वात नसलेल्या डिरेक्टरीत जाणे 'यशस्वी' होते आणि असलेल्या डिरेक्टरीला ५५० मिळते. असे विचित्र वर्तन दिसले की मार्ग तपासू नका. उत्तरे एकाने मागे पडली आहेत का ते तपासा. सॉकेटवरून एका वेळी जे हाती येते ते म्हणजे एक ओळ, असेही मानू नये. कधी अर्धी ओळ येते, कधी दोन.

आता नावांकडे येऊ. सीडब्ल्यूडीनंतरच्या मोकळ्या जागेपासून ओळीच्या अंतापर्यंत जे काही आहे ते सर्व नावच होय. म्हणून नावात मोकळी जागा असली तरी अवतरणचिन्हे घालायची नसतात. घातली तर सर्व्हर अवतरणचिन्हांसकट असलेली डिरेक्टरी शोधतो. याउलट पीडब्ल्यूडीच्या २५७ या उत्तरात मार्ग अवतरणचिन्हांत येतो, आणि नावातच अवतरणचिन्ह असेल तर ते दुप्पट केलेले असते. लिनक्सच्या सर्व्हरवर इंग्रजी लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, विंडोजवर सहसा मानली जात नाहीत. तेव्हा घरच्या संगणकावर चाललेला प्रोग्राम बाहेरच्या सर्व्हरवर अडतो. नाव एखाद्या फाइलीतून वाचून घेतले असेल तर त्याच्या शेवटी न दिसणारे ओळ-चिन्ह चिकटलेले नाही ना, हेही पाहावे.

तिरप्या रेघेने सुरू होणारा मार्ग हा आणखी एक सापळा. पुष्कळ ठिकाणी सर्व्हर तुम्हाला तुमच्याच डिरेक्टरीत कोंडून ठेवतो आणि तिलाच मूळ म्हणून दाखवतो. डिस्कवरचा खरा मार्ग 'होम'पासून सुरू होणारा लांबलचक असतो, पण एफटीपीतून पाहणाऱ्याला तो ठाऊकच नसतो. वेबसाइटच्या प्रोग्रामातला पूर्ण मार्ग उचलून सीडब्ल्यूडीला दिला की ५५० ठरलेले! लॉगिन झाल्याबरोबर पीडब्ल्यूडी विचारून सुरुवातीची जागा टिपून ठेवावी, आणि तेथून एकेक नाव घेत खाली उतरावे. लांब मार्ग स्वतः जोडून एकदम देण्यापेक्षा ही रीत सुरक्षित, कारण कोणत्या पायरीवर पाय घसरला ते लगेच कळते. शिवाय मार्ग लिहिण्याची पद्धत सर्वत्र सारखी नव्हती: मल्टिक्समध्ये नावांच्या मध्ये 'पेक्षा मोठे' हे चिन्ह, व्हीएमएसमध्ये चौकटी कंस व टिंबे. वर जाण्यासाठी सीडीयूपी ही वेगळी आज्ञा ठेवली ती याच कारणाने, असे आरएफसी ९५९ स्पष्ट सांगतो. दोन टिंबे सर्वांना समजतीलच असे नाही.

मघाच्या उदाहरणात ५५० आले तरी कशामुळे? डिरेक्टरी तर होती. झाले असे की नावे लिस्ट आज्ञेच्या उत्तरातून घेतली होती, आणि प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द म्हणजे नाव असे धरले होते. 'जुनी मुद्रिते' मधले 'मुद्रिते' तेवढे उरले. लिस्टचे उत्तर माणसाने वाचावे म्हणून आहे; त्याचा साचा नियमांत ठरवलेला नाही. युनिक्सच्या पद्धतीत ओळ परवान्यांच्या अक्षरांनी सुरू होते, विंडोजच्या पद्धतीत तारखेने. मार्च २००७ च्या आरएफसी ३६५९ ने एमएलएसडी ही आज्ञा दिली. तिच्यात प्रत्येक नावामागे ते फाइलीचे की डिरेक्टरीचे, हे ठरलेल्या रीतीने लिहिलेले असते, आणि पहिल्या मोकळ्या जागेनंतरचे सर्व नाव. सर्व्हरला ती येत असेल तर तीच वापरावी. मात्र तिच्या यादीत चालू डिरेक्टरी आणि वरची डिरेक्टरी यांच्याही ओळी येऊ शकतात. त्या वगळल्या नाहीत तर पोटडिरेक्टऱ्या धुंडाळणारा प्रोग्राम घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो.

आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला, जो एक डिरेक्टरी मराठीत आणि दुसरी कन्नडात लिहितो, त्याला एक वेगळी अडचण भेटते. देवनागरी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात काना-वेलांट्या धरून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. क्लायंटने हे बाइट लॅटिन-१ समजून वाचले तर पंधरा अगम्य अक्षरे दिसतात. पायथनच्या एफटीपी ग्रंथालयात ३.९ या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ हेच गृहीत होते. त्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ आले. जुना आणि नवा संगणक शेजारी ठेवून एकच प्रोग्राम चालवला तर फरक लगेच दिसतो. सर्व्हरला यूटीएफ-८ समजते का, ते फीट या आज्ञेने विचारता येते.

आणि 'अधिकाऱ्यांची यादी' हे नाव घ्या. त्यातला अर्धा 'ऱ' दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावून, दुसरा साध्या 'र' ला हलन्त लावून पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट मात्र वेगळे. सर्व्हरच्या लेखी ती दोन भिन्न नावे. म्हणून डिरेक्टरीचे नाव पुन्हा टंकू नये. सर्व्हरने यादीत दिलेले नावच जसेच्या तसे परत पाठवावे.

जोडणी तुटण्याबद्दल थोडे. बराच वेळ काही न बोलल्यास सर्व्हर ४२१ म्हणून फोन ठेवतो. हुशार विद्यार्थी अशा वेळी प्रोग्रामला आपोआप पुन्हा लॉगिन करायला शिकवतात, आणि ते योग्यही आहे. पण नव्या जोडणीत खिडकीपाशी नवा शिपाई आलेला असतो. तो दारातच उभा असतो, तिसऱ्या कपाटापाशी नव्हे. पुन्हा लॉगिन झाल्यावर टिपून ठेवलेल्या जागेपर्यंत परत चालत जाणे, आणि पीडब्ल्यूडीने खात्री करणे, हे त्याच उपायाचे दुसरे अंग आहे.

शेवटी, जिला डिरेक्टरीची चूक समजून विद्यार्थी तासन्तास घालवतात पण जी तशी नसते, तिचाही उल्लेख करतो. सीडब्ल्यूडीला २५० येते, पीडब्ल्यूडी बरोबर मार्ग सांगतो, आणि यादी मागितली की प्रोग्राम थिजून बसतो, किंवा काही वेळाने ४२५ येते. आज्ञा एका जोडणीवरून जातात, बहुधा २१ क्रमांकाच्या पोर्टवर. यादी मात्र दुसऱ्या, दर वेळी नव्याने उघडणाऱ्या जोडणीवरून येते. कॉलेजच्या फायरवॉलने ही दुसरी जोडणी अडवलेली असते. सर्व्हरने आपल्याकडे यावे असे सांगण्याऐवजी पास्व्ह ही आज्ञा द्यावी, २२७ या उत्तरातल्या सहा आकड्यांपैकी शेवटच्या दोहोंवरून पोर्ट काढावा (पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवायचा), आणि आपणच तेथे जोडून घ्यावे. तरीही यादी न आली तर प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकांना भेटावे; मार्गातल्या तिरप्या रेघा उलट-सुलट करून पाहण्यात अर्थ नाही.