टिटवीची अंडी आणि गावभर फिरलेला फोटो

सावद्यात राहणाऱ्याला पक्षी बघायला लांब जायची गरज नाही, असं म्हटलं की लोक हसतात. पक्षी म्हणजे हतनूर, नाहीतर पालकडचं जंगल, अशी इकडची ठाम समजूत. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पाहुणी बदकं उतरतात, त्यांचे फोटो पेपरात येतात, हे खरंच आहे. पण केळीची बाग निसवली की केळफुलाच्या उघडलेल्या पाकळीखाली जांभळा शिंजीर उलटा लटकून मध चोखतो, ते बघायला शेजारच्या बांधापर्यंत गेलं तरी पुरतं. सातभाईंची भांडणं, विजेच्या तारेवरचा कोतवाल, उंबरावर येणारा धनेश, जुन्या वाड्याच्या भोकातला पिंगळा, सगळं चहा निवायच्या आत बघून परत येता येतं.

अडचण तिथेच आहे. आपल्या घराजवळचा पक्षी आपल्याला रोज सापडतो, तसा तो इतरांनाही रोज सापडतो. नुसता उडत आलेला पक्षी त्रास झाला तर दुसऱ्या झाडावर जाईल. अंडी घातलेल्याला जागा सोडता येत नाही. या छंदात नव्यानं पडणाऱ्यांना मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, आणि तिच्यासोबत आमच्या घरामागच्या टिटवीची हकीकत.

घरामागे प्लॉट पाडलेलं शेत आहे. खुंट्या ठोकल्यात, मुरमाचे रस्ते झालेत, घरं अजून उठायची आहेत. आखाजीच्या सुमारास टिटवीनं तिथे चार अंडी घातली. घरटं म्हणावं असं काही नव्हतं. मुरमात उथळ खळगा, कडेनं बारीक खडे. अंडी मातकट, वर काळसर डाग. पाच पावलांवर उभं राहूनही दिसू नयेत अशी. मला जागा कळली ती जिन्याच्या खिडकीतून, टिटवी वारंवार एकाच ठिकाणी येऊन बसते म्हणून.

त्या खिडकीतून जे दिसलं ते अजूनही मी सगळ्यांना सांगत असतो. दुपारी जोडीतला एक पक्षी अंड्यांवर असायचा, दुसरा नळाच्या गळतीच्या डबक्यात. हा दुसरा पाण्यात उभा राहून पोट बुडवायचा, पिसं चांगली भिजवायचा आणि तुरुतुरु चालत यायचा. मग पहिला उठायचा आणि ओल्या पोटाचा खाली बसायचा. पिसांतलं पाणी अंड्यांना लागतं, अंडी थंड राहतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात अंडी उबवण्यापेक्षा ती उकडू न देणं हेच आई-बापाचं मोठं काम. हे साधारण चार आठवडे चालायचं असतं.

मध्येच एक दिवस टिटवीचा फोटो गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. खाली जागेची पूर्ण खूण: कोणत्या कॉलनीच्या मागे, कोणत्या खांबापासून कोणत्या दिशेला. दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकली यायला लागल्या. पोरं चांगल्या घरची, बोलायला गोड, गळ्यात भारीतले कॅमेरे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास, त्यामुळे मोकळा वेळ काय तो भर दुपारचा. एक टोळी गेली की दुसरी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायची आणि पोरं खूश, "काका, उडतानाचे एकदम शार्प आले!" उडतानाचे आले, कारण ती अंड्यांवर नव्हती.

मी जाऊन सांगितलं की त्यांना पटायचं. "हो काका, बरोबर आहे," म्हणून ती दहा पावलं मागे सरायची, मी घरात आलो की पुन्हा पुढे. त्यातल्या एकानं तर भल्यासाठी म्हणून अंड्यांभोवती दगडांचं रिंगण केलं, गुरांचा पाय पडू नये म्हणून. दगडांमुळे जागा माणसाला दिसायला लागली, तशी ती कावळ्यालाही दिसणारच. काही दिवसांनी खळगा रिकामा होता. कावळा, मुंगूस की भटकं कुत्रं, ते कोणी पाहिलं नाही. पिल्लं मात्र निघाली नव्हती. दिवसच भरले नव्हते.

त्या पोरांपैकी कोणालाही शिकारी म्हटलं असतं तर राग आला असता. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून शिकारीची व्याख्या वाचा. मारणं, पकडणं तर आहेच. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेही त्या व्याख्येत येतं. फोटो काढायला गेलो होतो, ही सबब तिथे चालत नाही.

तेव्हा नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं: घरट्याचा फोटो काढूच नका. स्पर्धेत बक्षीस असो, ग्रुपवर वाहवा असो. घरटं अचानक दिसलं तर थांबायचं नाही, आलो तसं पुढे निघायचं. फांद्या बाजूला करणं, 'फ्रेम साफ करायला' पानं तोडणं हे तर पापच. मधुमालतीच्या जाळीत बुलबुलाचं घरटं असतं ते सावलीसाठी आणि शिक्र्याला दिसू नये म्हणून. पानं तोडली की दोन्ही गेलं. आपण फार जवळ आलोत हे पक्षी स्पष्ट सांगतो. चोचीत अळी धरून तो फांदीवर बसलाय, इकडेतिकडे बघतोय, पण आत जात नाही, म्हणजे तो तुम्ही जायची वाट बघतोय. तेवढा वेळ पिल्लं उपाशी.

सुगरणीच्या खोप्यांचंही सांगून टाकतो, कारण बहिणाबाईंच्या जिल्ह्यात तो प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा विषय. विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले खोपे 'रिकामे आहेत' म्हणून तोडून बैठकीत टांगायची हौस अनेकांना आहे. नर खोपा विणतो, मादीला पसंत पडला नाही तर तो अर्धवट सोडून दुसरा घेतो, हे खरं. पण सोडलेल्या खोप्यांत मुनिया संसार मांडतात. आपल्याला रिकामा दिसतो म्हणून तो रिकामा असतोच असं नाही.

दुसरं सांगणं जागेबद्दल. खानदेशाइतका जागेच्या खऱ्या-खोट्या पत्त्याचा अनुभव दुसऱ्या कोणाला नसेल. रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला दिसलाच नव्हता. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा करून एक नमुना पुढे केला. नमुना चोरीचा निघाला: जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात आपल्या खानदेशात गोळा केलेला, लंडनच्या संग्रहालयातून उचललेला. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली आणि खोटा पत्ता बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे जात, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा पुन्हा शोधून काढला. ११३ वर्षांनी. एका खोट्या पत्त्यानं शोधणाऱ्यांची दिशाभूल झाली होती. आज उलटं झालंय, खरा पत्ता एका बोटानं हजार जणांपर्यंत जातो आणि मग पक्ष्याची धडगत नसते. हा रानपिंगळा यावलच्या अभयारण्यातही आहे. तो दिवसा वावरतो आणि आवाजाला लगेच उत्तर देतो, म्हणून मोबाइलवर त्याची हाक लावून त्याला समोर बोलवायचा मोह होतो. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. बिचारा सगळं सोडून भांडायला येतो. अभ्यासक मोजणीसाठी हाक लावतात, ती परवानगीनं आणि मोजकी. आपण हौसेसाठी लावू नये.

मग फोटो टाकायचाच नाही का? टाका की. तालुक्याचं नाव पुरे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा, आणि विणीच्या दिवसांतला फोटो पिल्लं उडून गेल्यावर टाका. पाच ते बारा नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, बघणारे पुष्कळ असतात, तोवर फोटो शिळा होत नाही.

आता तुमच्याकडे पक्षी कसा येईल ते. मातीचा पसरट परळ घ्या, दोन बोटं पाणी आणि मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला, परळ रोज घासा. शेवाळलेल्या पाण्यापेक्षा परळ नसलेला बरा. जवळ झुडूप हवं, पण त्यात मांजर दबा धरून बसेल इतकं जवळ नको. खिडकीला जुनी चादर लावून फटीतून बघा. बुलबुल, दयाळ, मुनिया हे रोजचे. फोटो सकाळी नऊच्या आत. उन्हाळ्यात त्यानंतर जमिनीवरची हवा थरथरते आणि लाखाच्या लेन्सनंही पिसं पुसट येतात. दोष कॅमेऱ्याचा नसतो. पैसे घालायचे तर आधी दुर्बिणीत घाला. कॅमेऱ्याआधी डोळा तयार झाला नाही तर माणूस फोटो घरी आणून लोकांना विचारत बसतो, हा कोणता पक्षी.

केळीच्या बागेत शिरायचं तर मालकाला विचारून, पायात बूट घालून. खाली पाचट असतं, ओल असते, घोणस दिसत नाही. रानडुकरांसाठी कोणी तारेत करंट सोडलेला असू शकतो, म्हणून अंधारात जाऊच नका. केळीचा चीक शर्टाला लागला की तो शर्ट बागेचाच झाला. लेन्सच्या काचेला लागू देऊ नका.

आणि माणसं. गच्चीवर दुर्बीण घेऊन उभा राहिलेला पुरुष समोरच्या घरांना कसा दिसतो, याचा विचार करा. मी दुर्बीण कधी खिडक्यांच्या, न्हाणीच्या, धुणं वाळत घातलेल्या बाजूला धरत नाही, पक्षी कितीही दुर्मीळ असला तरी. शेतात एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं होतं, "काय पाह्यता हो भाऊ इतकं?" त्यांच्याच बागेतला भारद्वाज त्यांना दुर्बिणीतून दाखवला. लालबुंद डोळा बघून त्यांनी दुर्बीण बराच वेळ परत दिली नाही. आता खोडं काढून शेत कधी नांगरणार, रोटाव्हेटर कधी फिरणार, हे ते आदल्या दिवशी आपणहून कळवतात. ट्रॅक्टरमागे किडे वेचत फिरणारे गायबगळे आणि कोतवाल माणसाला बिचकत नाहीत. तिथे बांधावर बसून साध्या मोबाइलवरसुद्धा चांगले फोटो मिळतात.