संत कॅथरीनची अंगठी



2024-25 साली जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला जे गेले, ते से कॅथेड्रलच्या रांगेत उभे राहिले. हे कॅथेड्रल मात्र अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या नावाचे आहे. मुख्य वेदीमागच्या सोनेरी कामात तिच्या जीवनातील प्रसंग आहेत. रांगेच्या घाईत वर कोण पाहतो!

तिचा सण 25 नोव्हेंबरला. 1510 साली याच दिवशी आल्बुकर्कने गोवा जिंकले, म्हणून हे नाव. जी राजसत्तेपुढे झुकली नाही, तिचे नाव एका राजाच्या विजयाला जोडले गेले. त्या विजयात शहरातील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली, हेही आपण विसरू नये.

परंपरा सांगते की, चौथ्या शतकाच्या आरंभी या विदुषी कन्येने सम्राटाच्या पन्नास तत्त्वज्ञांना वादात हरवले. (सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हांला त्या पन्नास जणांची थोडी दयाच येते.) सम्राटाने लग्नाची मागणी घातली, तिने नाकारली. खिळ्यांचे चाक तिच्या छळासाठी आणले, ते मोडले. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. ऐतिहासिक पुरावा तोकडा असल्याने 1969 साली तिचा सण ख्रिस्तसभेच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला गेला आणि 2002 साली ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परत आला.

अंगठीची कथा तिच्या चरित्रात मध्ययुगात जोडली गेली. स्वप्नात मरियामातेच्या मांडीवरील बाळ येशूने आधी तिच्यापासून तोंड फिरवले. तिने स्नानसंस्कार घेतल्यावर मात्र त्याने तिच्या बोटात अंगठी घातली. जागी झाली तर अंगठी बोटातच!

इटलीच्या पार्मिजानिनो या चित्रकाराने हाच प्रसंग रंगवला. 1527 साली रोम लुटले गेले, तेव्हा तो बोलोन्याला गेला. चित्र त्याच सुमाराचे. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लांब माना, निमुळती बोटे, खालच्या कोपऱ्यात एका म्हाताऱ्याचे नुसते डोके. मॅनरिझम शैलीची ही मंडळी देह मुद्दाम ताणत. पण आमची नजर जाते ती चाकाकडे. अंगठी घालण्याचा आनंदाचा क्षण, आणि शेजारीच ते खिळ्यांचे चाक!

'बाळाशी लग्न कसे?' असे तरुण मंडळी विचारतात. होशेय संदेष्ट्याने देव व त्याची प्रजा यांचे नाते वाग्दानाच्या भाषेत मांडले, संत पौलाने करिंथच्या ख्रिस्तसभेला ख्रिस्ताची वाग्दत्त वधू म्हटले. हे लग्न त्या अर्थाचे. अनेक संस्थांतील सिस्टर्स कायमची व्रते घेताना अंगठी घालतात, तीही याच अर्थाने.

दुसरा मुद्दा घरातला. कॅथरीनने एका अंगठीला होकार दिला, दुसरीला नकार. आपल्याकडे स्थळ चांगले, मामांनी आणलेले, मांडवाची तारीखही ठरलेली. मुलीला विचारतो कोण? ख्रिस्तसभेच्या कायद्यात कलम 1057 म्हणते की विवाह होतो तो दोघांच्या संमतीनेच, आणि ती संमती दुसरे कोणीही देऊ शकत नाही. कलम 1103 प्रमाणे बळजबरीने किंवा मोठ्या भीतीपोटी लावलेला विवाह विवाहच ठरत नाही, मग मिस्सा कितीही थाटात झालेली असो. म्हणून लग्नाआधी आम्ही वधू आणि वर दोघांना वेगवेगळे बसवून विचारतो. त्या वेळी आई-वडिलांनी, आणि मामांनीही, कृपया बाहेरच्या बाकावर बसावे.