कामाची जागा आणि मालकाची जिम्मेदारी

व्यापारी व कारागीर बंधूंनो,

गोदामात धागे कापणारी एखादी बाई अचानक येणे बंद करते. मुकादम सांगतो, "घरी अडचण आहे." आपण दुसरी बाई ठेवतो, माल वेळेवर गेला की विषय संपतो. बहुधा अडचण खरी असते. पण कधी कधी ती अडचण म्हणजे मुकादमाची जीभ किंवा हात असतो. ही बाब मालकाच्या हिशेबात कशी आली, ते पाहू.

१८६० च्या दंडविधानात विनयभंगाचा गुन्हा होता. पण तो पोलीस व कोर्टाचा मामला. मालकाला कोणी जाब विचारत नसे. लोक तर 'छेडछाड' म्हणून ती गोष्ट हसण्यावारी नेत.

राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या. कामाचा भाग म्हणून त्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याच्या रागातून १९९२ मध्ये आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी त्यांची फिर्याद होती. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. या घटनेवरून महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. प्रश्न असा, की बाई कामाला बाहेर पडते, तर तिथे तिच्या सुरक्षेची जिम्मेदारी कोणाची?

१३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकालात उत्तर आले: मालकाची. कोर्टाने राज्यघटनेच्या ज्या कलमांचा आधार घेतला, त्यात कलम १९ (१) (छ) आहे. व्यापार-धंदा करण्याचा आपला हक्क याच कलमात आहे. ज्या कलमाने आपले दुकान चालते, त्याच कलमाने बाईला निर्धास्त काम करण्याचा हक्क मिळतो.

दुसरा निकाल आपल्याच कापडधंद्याशी संबंधित आहे. कपडे निर्यात प्रोत्साहन परिषदेने १९८८ च्या एका घटनेवरून चौकशी करून एका कर्मचाऱ्याला कामावरून काढले. त्याने प्रयत्न केला, पण प्रत्यक्ष स्पर्श सिद्ध नाही, असे म्हणून हायकोर्टाने त्याला परत घ्यायला सांगितले. जानेवारी १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने परिषदेची कारवाई कायम ठेवली. म्हणजे हात लागलाच पाहिजे, असे नाही.

२०१३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्यातील कामाच्या गोष्टी अशा:

१) दहा किंवा अधिक कामगार असतील तर अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत आणि एक सदस्य बाहेरचा. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा चूक झाल्यास दुप्पट दंड व परवाना रद्द होऊ शकतो.

२) दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल, तर बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. चार माणसांचा कारखाना म्हणून सूट नाही.

३) अंगलट येणे, शरीरसंबंधाची मागणी, अश्लील बोलणे, अश्लील चित्र दाखवणे, हे सर्व त्यात येते.

४) तक्रार तीन महिन्यांत करायची, योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी.

५) बाईने मागितला तरच समेट करता येतो, पण पैसे देऊन नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्याला जड जातो. धंद्यातील भांडण काही रक्कम देऊन मिटवण्याची आपली सवय आहे. इथे ती चालत नाही. "खोटी तक्रार आली तर?" असेही बंधू विचारतात. मुद्दाम खोटी केलेली तक्रार दंडास पात्र आहे. पण पुरावा कमी पडला, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

तेव्हा बंधूंनो, समितीची माहिती भिंतीवर लावा. नजरेने न सुटणारा हिशेब आपण रोज तपासतो. पुढच्या वेळी एखादी बाई येणे बंद झाली, तर मुकादमाच्या शब्दावर थांबू नका. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला तिच्याकडे पाठवा आणि विचारा.