श्वासाचा जमाखर्च

दत्तजयंतीच्या सप्ताहात पारायणाला बसण्याआधी आपण आचमन करतो, प्राणायाम करतो. त्या वेळी छातीत नेमके काय घडते? मी कॉमर्सचा पदवीधर, हयात बँकेत गेली. म्हणून हिशोबाच्याच भाषेत सांगतो.

फुफ्फुसे स्वतःहून हवा ओढत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा स्नायूचा पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. ते आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर-बाहेर येतात, छातीची पोकळी वाढते. आतला दाब किंचित कमी होतो आणि हवा आपसूक आत शिरते. पटल सैल पडले की फुफ्फुसे रबरासारखी आक्रसतात, हवा बाहेर जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाला श्वास घ्यायला मेहनत पडते, सोडायला नाही.

आता जमाखर्च बघा. साधारण एका श्वासात 500 मिली हवा येते. त्यातली सुमारे 150 मिली नाक, घसा, श्वासनलिकेतच अडकते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. हे झाले बँकेचे कमिशन! मिनिटाला 12 श्वास घेतले तर 6 लिटर हवा आत, पैकी 4.2 लिटर कामाची. तीच 6 लिटर 250 मिलीच्या 24 उथळ श्वासांत घेतली, तर हाती उरते फक्त 2.4 लिटर. व्यवहार दुप्पट, म्हणून कमिशनही दुप्पट.

आपल्या जनार्दनस्वामींच्या देवगिरीच्या पायऱ्या चढताना धाप लागली, तर हे आठवावे. थांबावे, ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडावा. जुनी हवा नीट बाहेर पडली की नवीला जागा होते.

योगाभ्यासाची अशी शास्त्रीय तपासणी आपल्याकडे फार पूर्वी झाली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा अभ्यास क्ष-किरण व दाबमापक यंत्रे लावून केला.

मात्र एक गोष्ट मंडळींनी मनावर घ्यावी. आडवे झाल्यावर दम लागणे, रात्री धापेने उठून बसावे लागणे, पायांवर सूज येणे, याला 'वय झालं आता' म्हणून सोडून देऊ नका. हृदयाचे दुखणे असू शकते, लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब वा हृदयविकार असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय कुंभक करू नका.

पोथी वाचतानाही घाई नको. प्रत्येक ओवीनंतर थोडे थांबा, पोट सैल सोडा, श्वास येऊ द्या.

श्री गुरुदेव दत्त!