फळ लिहिताना फ का पुसला जातो

जबलपुरात संगणकाच्या दुकानांत पाहिलेले कीबोर्ड हिंदीच्या हिशेबाचे होते. आईला इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीचा सराव आहे आणि ठसठशीत अक्षरांची बटणं हवीत, म्हणून कीबोर्ड घरीच बांधला. ४ ओळी, १४ कॉलम, ५६ बटणं. प्रत्येक ओळीला आणि कॉलमला एक, अशा तारा १८, आणि प्रो मायक्रो बोर्डावर वापरता येण्याजोग्या पिनाही नेमक्या १८. कॅप्स लॉक आईला लागत नाही, तिथे बॅकस्पेस बसवलं.

एकेक बटण तपासलं, सगळी चालली. हिंदीभाषक शेजाऱ्यांनी पानभर मजकूर भराभर टाइप केला, एकही चूक नाही. मग आईनं ‘फळ’ लिहिलं आणि फ पुसला गेला. ईमेलमध्ये ‘भळभळ’ लिहिताना कर्सर वरच्या रकान्यात उडाला.

अशा वेळी हात आधी प्रोग्रामकडे वळतो. तो तसाच राहू द्या आणि कागदावर चौकोन काढा. फ म्हणजे शिफ्ट आणि एच, ळ म्हणजे शिफ्ट आणि एन. एच आणि एन एकाच कॉलममध्ये, एन आणि शिफ्ट एकाच ओळीत. बोटं चपळ असली की एच सुटायच्या आत एन दाबलं जातं आणि क्षणभर तिन्ही बटणं खाली असतात. एचची ओळ वाचली जात असताना प्रवाह पहिल्या कॉलमकडून शिफ्ट, एन आणि एच यांतून वळसा घालून त्या ओळीपर्यंत पोहोचतो. त्या ओळीत पहिल्या कॉलमवर बॅकस्पेस आहे. बोर्डाला ते दाबल्यासारखंच दिसतं. भळभळमध्ये त्याच वाटेनं टॅब. हिंदीच्या नेहमीच्या लिखाणात ळ येतच नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या मजकुरात ही जोडी आलीच नाही. कीबोर्ड ज्या भाषेसाठी बांधाल, तिच्याच शब्दांनी आणि घाईघाईनं तपासा. मला ही चाचणी बाकी सगळ्या चाचण्यांहून मोलाची वाटते.

उपाय प्रत्येक बटणाला एक डायोड. १एन ४१४८ पुरतो. आमच्या प्रोग्राममध्ये प्रवाह कॉलमकडून ओळीकडे जातो, म्हणून डायोडची काळी पट्टी ओळीच्या बाजूला. सगळ्यांची दिशा एकच हवी, उलटा बसलेला डायोड ते बटण मुकं करतो. जोडण्याआधी मल्टिमीटरच्या डायोड-चाचणीवर प्रत्येक तपासा. छप्पन्न डाग उकलत बसण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं.

बाकीचे दोष ओळखायला सोपे असतात. अख्खी ओळ किंवा कॉलम बंद असेल, तर त्या एका तारेचं सोल्डर पाहा किंवा प्रोग्राममधला पिन क्रमांक. एक बटण दाबून शेजारच्या कॉलममधलंही उमटत असेल, तर दोन तारा कुठेतरी चिकटल्या आहेत. वीज काढा आणि मीटरची बीप ऐका. हात न लावता अक्षरं पडत असतील, तर वाचणाऱ्या पिना अधांतरी आहेत. चिपमधलेच २० ते ५० किलोओहमचे पुल-अप प्रोग्राममधून चालू करा.

एकदा दाबून अक्षर दोनदा येत असेल, तर बटणाचे पत्रे टेकताना थरथरतात. बदल दिसल्यावर ५ मिलिसेकंद थांबून मगच तो खरा मानायचा. जुन्या कीबोर्डातून काढलेल्या बटणांना १० ते २० द्या.