आधी मावशींना विचारायला हवं होतं

रेशनच्या रजिस्टरातल्या त्या पानाची झेरॉक्स अजून माझ्या फायलीत आहे. तारीख १२ डिसेंबर २०१४. शिधापत्रिकेचा क्रमांक, नाव, गहू १५ किलो, तांदूळ १० किलो आणि शेवटच्या रकान्यात निळ्या शाईचा अंगठा. अंगठा जरा तिरका, खालची कड पुसट. त्याच पानावर आणखी सहा नावांपुढे तसाच तिरका, तसाच खालून पुसट अंगठा. आणि ज्या मावशींच्या नावापुढे मी पहिल्यांदा तो पाहिला, त्या मावशी अंगठा देतच नव्हत्या. साक्षरतेच्या रात्रवर्गात त्या नाव लिहायला शिकल्या होत्या. तेव्हापासून बँकेत, पंचायतीत, बचत गटात सहीच करायच्या. एकेक अक्षर काढायला वेळ लागायचा, मागची रांग कुरकुरायची, पण मावशी पेन सोडायच्या नाहीत.

शिवाय १२ डिसेंबरला त्या गावात नव्हत्याच. आमचा भाग मराठवाड्यातला ऊसतोडीचा. दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मावशींचा मुलगा आणि सून मिळून एक कोयता. दोन नातवंडं सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भाकरी थापायला मावशी सोबत. घरात पाच माणसं. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य. दाराला कुलूप असलेल्या पाच महिन्यांत १२५ किलो धान्य त्या घराच्या नावावर उचललं गेलं होतं. एका घराचं एवढं, तर अख्ख्या वस्तीचं किती, याचा हिशेब मी रजिस्टरच्या प्रती मिळाल्या त्या रात्री वहीत मांडला आणि मला झोप आली नाही.

मी ऊसतोड कामगाराचीच मुलगी. डीएड करून तालुक्याच्या गावी शिक्षिका झाले होते. एप्रिल २०१५ मध्ये दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराच्या अर्जाचं जोडपत्र ‘अ’ भरलं. तीस दिवसांत काहीच आलं नाही, म्हणून पहिलं अपील केलं आणि जूनच्या अखेरीस रजिस्टरच्या प्रती हातात पडल्या. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते यापुढे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. झेरॉक्स उंच धरली, मावशींचं नाव, त्यांच्या कार्डाचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि विचारलं, “या बाई सही करतात, मग हा अंगठा कुणाचा?” सभा गप्प झाली. मावशी मागे बायकांत बसल्या होत्या. त्यांनी पदर पुढे ओढून घेतला, तो मला लाजेचा वाटला. दोन दिवसांनी जिल्ह्याच्या पेपरात बातमी आली, मीच दिलेल्या मावशींच्या फोटोसह. मला अभिमान वाटला. आपण अन्यायाला वाचा फोडली, असंच मी समजत होते.

मला कुणी काही केलं नाही, हे आधी सांगते. मला पगार होता आणि मी राहायला तालुक्याला होते. रेशन दुकानदार रस्त्यात भेटला तर “काय बाई, बरं आहे ना?” एवढंच विचारायचा. पण ऑगस्ट-सप्टेंबर हा आमच्याकडे उचल मिळण्याचा काळ. येत्या हंगामाची आगाऊ रक्कम टोळी नेणारा मुकादम तेव्हा देतो आणि त्यावर घराची डागडुजी, आजारपण, जुनं देणं असं सगळं अवलंबून असतं. मावशींच्या मुलाचा मुकादम हा दुकानदाराचा चुलतभाऊ. त्याने निरोप पाठवला, “यंदा तुमचा कोयता नको.” किराणा दुकानातली उधारी बंद झाली. सुनेला शेतात खुरपणीला बोलावणाऱ्या बाईने बोलावणं थांबवलं. मावशींची वस्ती गावकुसाबाहेरची. त्यांची अडवणूक करायला गावाला एक शब्दही बोलावा लागला नाही.

सप्टेंबरात चौकशीसाठी साहेब आले. ते बसले दुकानदाराच्याच ओसरीवर. चहा आला. एकेकीला बोलावून जबाब लिहून घेतले. मावशींची पाळी आली तेव्हा मी दाराशी उभी होते. “धान्य मिळालं का?” “मिळालं.” “तक्रार आहे का?” “न्हाई.” कारकुनाने कागद पुढे केला. मी म्हणाले, “त्यांना सही येते.” मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर उमटवला आणि पदराला पुसत निघून गेल्या. महिन्याभराने पत्र आलं: तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.

मी मावशींच्या घरी गेले ती चिडूनच. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोरी, तू खरंच बोललीस. पण माझ्या नावानं बोललीस आन् मला इचारलं न्हाईस.”

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दुकानदाराने त्यांच्या नावापुढे त्यांना न विचारता अंगठा लावला होता. मीही त्यांचं नाव त्यांना न विचारता वापरलं होतं. त्याचा हेतू वाईट होता, माझा चांगला होता. पण मावशींच्या वाट्याला दोन्ही वेळा तेच आलं. त्यानंतर मी जे शिकले ते सत्तेच्या मनमानीविरुद्ध उभ्या राहणाऱ्या प्रत्येकासाठी लिहिते आहे, विशेषतः तरुण मुलामुलींसाठी.

पहिली गोष्ट, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारा. “तुमच्यासाठी लढू का?” एवढं विचारून भागत नाही, कारण त्याला कुणीही “हो” म्हणेल. विचारायचं ते असं: तुमचं कुणाकडे देणं आहे? तुमचं काम, पाणी, वाट कुणाच्या हातात आहे? नाव बाहेर आलं तर उद्या सकाळी काय बंद होईल? ही उत्तरं मी मावशींकडून घेतली असती, तर मुकादमाचं नातं मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि कुणी “आत्ता नको” म्हणालं, तर तो भित्रेपणा समजू नका. त्या माणसाने आपल्या घराचा हिशेब केलेला असतो आणि तो तुमच्या हिशेबापेक्षा पक्का असतो.

दुसरी गोष्ट, कायद्याने दिलेली ढाल नीट वापरा. माहितीचा अधिकार हा कायदा २००५ चा. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला विचारताच येत नाही. म्हणजे मी माझ्या नावाने सगळ्या वस्तीच्या नोंदी मागू शकत होते आणि मावशींचं नाव कुठेच येऊ न देता चोरी उघडी करू शकत होते. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, आपल्या राज्याच्या नियमांत तसं बंधन आहे. “भ्रष्टाचाराची माहिती द्या” असं लिहू नका. रजिस्टर, महिना, दुकान असं नेमकं लिहा. नियतन म्हणजे दुकानाला मंजूर धान्य किती आलं, दुकानदाराने त्यातली उचल किती केली, वाटप किती झालं, हे तिन्ही आकडे मागा, कारण चोरी त्या तिन्हींच्या मधल्या फटीत असते. प्रतींआधी अभिलेख प्रत्यक्ष पाहायलाही मागता येतात. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही न्याय नाही मिळाला तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बहुतेक अर्ज अपिलाआधीच दमतात आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट, एकट्याने लढू नका. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी यांनी जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी ते फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने त्यानंतर २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो अंमलात आणला गेलेला नाही. म्हणून आपलं संरक्षण आपणच उभं करायचं. कागदांच्या तीन प्रती तीन घरांत ठेवा. कार्यालयात जाताना दोघं जा. तुम्ही गप्प झालात तरी काम थांबणार नाही, हे समोरच्याला दिसू द्या.

चौथी गोष्ट, जेवढं कागद बोलतो तेवढंच बोला. “तो चोर आहे” म्हणालात की वाद तुमच्या शब्दावर जातो, अब्रूनुकसानीची नोटीस येते आणि गहू-तांदूळ बाजूला राहतात. “अमुक तारखेला गावात नसलेल्या माणसाच्या नावे वाटप दाखवलं आहे” हे वाक्य कुणालाच खोडता येत नाही. पेपरवाल्यांकडे सगळ्यात शेवटी जा, आणि फोटो तर विचारल्याशिवाय कधीच देऊ नका.

पाचवी गोष्ट, चौकशी कुठे होते आहे ते पाहा. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच ओसरीवर जबाब होत असतील तर तिथेच लेखी हरकत घ्या. जागा शाळेची किंवा पंचायतीची मागा. जबाब मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करू नये, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

हे सगळं मला नव्याने सुचलं असं नाही. चवदार तळ्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण त्यामागची तयारी विसरतो. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा पाठीशी हे कागद होते आणि सोबत हजारो माणसं होती. तरीही परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्याच डिसेंबरात न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला आणि खटला लढवला. त्याचा शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. एवढा मोठा माणूस आपल्या माणसांच्या जिवाचा विचार करून थांबला. मी एका ग्रामसभेपुरतीही थांबले नव्हते. मावशींच्या घरावर घातला तसा, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं हा आज अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण पोलीस ठाण्याची पायरी चढायची की नाही, हेही त्यांनीच ठरवायचं, आपण नाही.

त्या वर्षी मावशींच्या मुलाने दुसरा मुकादम धरला, कमी उचल घेऊन. २०१६ च्या उन्हाळ्यात टोळ्या परतल्यावर मी पुन्हा वस्तीवर गेले. या वेळी भाषण केलं नाही. हातपंपावर, बचत गटाच्या बैठकीत बसले, ऐकलं. दोन महिने गेले. मग बायकांनीच ठरवलं की अर्ज सगळ्यांच्या नावाने करायचा, म्हणजे कुणी एकटी सापडणार नाही. कुणाची उचल त्या मुकादमाकडे अडकलेली आहे, हे आधी विचारलं आणि त्यांची नावं बाजूला ठेवली. हंगामात कोण कुठल्या कारखान्याला होतं याची यादी केली. एकूण ३७ सह्या-अंगठे झाले. मावशींना मी विचारलं नव्हतं. त्या स्वतः आल्या, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. नेहमीसारखाच वेळ लागला. मागे कुणी कुरकुरलं नाही.

चौकशी शाळेच्या वर्गात झाली. दिवाळीआधी दुकानाचा परवाना निलंबित झाला आणि आमची कार्डं शेजारच्या गावच्या दुकानाला जोडली गेली. ते चार किलोमीटरवर आहे. धान्य पुरं मिळू लागलं, पण डोक्यावरून आणायचे कष्ट वाढले. जिंकल्यावरही किंमत मोजावी लागते आणि ती कोण मोजणार, हेही आधीच बोलून ठेवावं लागतं. आम्ही या वेळी ते बोललो होतो, म्हणून त्या चार किलोमीटरांसाठी कुणी कुणाला दोष दिला नाही.

आता दुकानात पॉस मशीन आलं आहे, कार्ड दुसऱ्या गावीही चालतं. तरी मशीनवर अंगठा घेऊन धान्य कमी देणारे आहेत. त्यामुळे पावती मागा, वजन डोळ्यांनी पाहा आणि कमी मिळालं तर बोला. बोललंच पाहिजे. आपण गप्प बसलो तर तो तिरका अंगठा आपल्या प्रत्येकाच्या नावापुढे लागत राहील. फक्त दुसऱ्याचं नाव घेऊन उभं राहण्याआधी त्याच्या घरी जा, चुलीपुढे बसा आणि त्याला विचारा. तो “थांब” म्हणाला, तर थांबा.