तासाचा दर आणि अमानत : हिशेबनीसाच्या मेहनतान्याचा शरई विचार

भंडारा जिल्ह्याचे अर्थकारण मुख्यतः धानाभोवती फिरते. तुमसरची धानाची बाजारपेठ, ठिकठिकाणच्या राईस मिल, भंडारा शहराला ओळख देणारा पितळी भांड्यांचा व्यवसाय, मोहाडी परिसरातील कोशाचे विणकाम, घरोघरी चालणारे बिडीकाम, या प्रत्येकाच्या मागे कोठे ना कोठे एक वही असते. पूर्वी ती वही दिवाणजी किंवा मुनीम लिहीत असे आणि तो दिवसभर पेढीवरच बसत असे. आज लहान व्यावसायिकाला पूर्णवेळ मुनीम परवडत नाही. मात्र जीएसटीची विवरणपत्रे, बँकेच्या खात्याचा मेळ, देणे-घेण्याची पत्रे यांतून त्याची सुटकाही नाही. म्हणून तो आठवड्यातून काही तास येऊन हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणारी व्यक्ती शोधतो. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेल्या आपल्या तरुण-तरुणींसाठी हा हलाल उपजीविकेचा एक सुलभ मार्ग आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका भगिनीने बी.कॉम. पूर्ण केले, टॅलीचे शिक्षण घेतले आणि एका राईस मिलचे, एका हार्डवेअर दुकानाचे व मोहल्ल्यातील एका मदरशाचे हिशेब लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. तिन्ही ठिकाणी तिला विचारण्यात आले, ‘‘काय घ्याल?’’ तिने नम्रपणे उत्तर दिले, ‘‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.’’ तीन महिन्यांनी मिलमालकाने जी रक्कम दिली, ती तिला फार कमी वाटली. मालकाला मात्र ती पुरेशी वाटली. ती काही बोलली नाही. पण मन आंबले आणि पुढच्या महिन्यात हात आपोआप सैल पडला.

या प्रसंगात खोटे कोणीच बोलले नाही, फसवणूक करण्याचा कोणाचा हेतूही नव्हता. तरीही दोघांचे संबंध बिघडले. याचे मूळ कोठे आहे, याचा विचार आपण या लेखात करणार आहोत.

संकोच म्हणजे शालीनता नव्हे

आपल्या समाजात मोबदल्याची गोष्ट तोंडाने काढणे हे लोभाचे लक्षण मानले जाते. इस्लामची शिकवण याहून वेगळी आहे. श्रमाचा करार (इजारा) वैध होण्यासाठी फिकहच्या विद्वानांनी दोन गोष्टी ज्ञात असणे आवश्यक ठरविले आहे : घेतली जाणारी सेवा आणि दिला जाणारा मोबदला. यांपैकी एक जरी अज्ञात राहिली तरी करार सदोष ठरतो, कारण अज्ञाताच्या पोटी वाद जन्म घेतो. मजुराला कामावर ठेवण्यापूर्वी त्याची मजुरी त्याला सांगावी, या आशयाची रिवायत हदीस-संग्रहांत आली आहे.

पवित्र कुरआनने हजरत मूसा (अलै.) यांचा मदयनचा वृत्तान्त सांगितला आहे (सूरह अल्-कसस, आयत २३ ते २८). त्यात या विषयाचे दोन्ही पैलू दिसतात. विहिरीवर ताटकळलेल्या दोन मुलींच्या जनावरांना मूसा (अलै.) यांनी पाणी पाजले, ते निव्वळ उपकार म्हणून. त्यात मागणी नव्हती, करार नव्हता. परंतु पुढे त्या मुलींच्या वयोवृद्ध पित्याकडे नोकरीचा प्रश्न आला, तेव्हा मोबदला काय आणि मुदत किती, हे प्रारंभीच स्पष्ट झाले. मुदत आठ वर्षांची, आणि दहा पूर्ण केल्यास ती मूसा (अलै.) यांची स्वेच्छा. पित्याने आपण कष्टात टाकू इच्छित नसल्याचे सांगितले. मूसा (अलै.) यांनीही दोन्हींपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी आपल्यावर जादा बोजा पडू नये, ही बाब शब्दांत मांडली आणि अल्लाहला साक्षी ठेवले. उपकार असेल तर उपकार आणि करार असेल तर करार. या दोहोंची सरमिसळ येथे झालेली नाही.

यावरून आपल्या भगिनीच्या उत्तरातील चूक लक्षात येते. ‘योग्य वाटेल ते द्या’ हे वाक्य ऐकायला गोड असले तरी त्यात ना उपकाराची मोकळीक आहे, ना कराराची स्पष्टता. अशा स्थितीत काम होऊन गेले असेल, तर फुकहांच्या मते ‘उज्रत-ए-मिस्ल’, म्हणजे तशाच कामाला त्या ठिकाणी प्रचलित असलेला मोबदला, देय होतो. पण तो शोधण्याची वेळ वाद उभा राहिल्यावर येते. तोंडभर बोलून आधीच ठरविणे, हीच खरी शालीनता होय.

मुदतीचा करार आणि कामाचा करार

सेवा ज्ञात करण्याचे दोन मार्ग फिकहमध्ये सांगितले आहेत. एक, वेळ ठरविणे : ‘इतके तास मी आपल्या कामासाठी हजर राहीन.’ दुसरा, काम ठरविणे : ‘इतके काम मी पूर्ण करून देईन.’ आपल्या जिल्ह्यात दोन्ही प्रकार परिचित आहेत. रोवणीची मजुरी रोजावर ठरते आणि बिडीची मजुरी हजार नगांवर.

वेळेच्या करारात मोबदल्याचा हक्क स्वतःला कामासाठी उपलब्ध करून दिल्याने निर्माण होतो. म्हणून ठरल्या वेळी हिशेबनीस येऊन बसली आणि मालकाने बिले शोधण्यात अर्धा तास घालविला, तर तो अर्धा तासही तिच्या हक्काचा आहे. कामाच्या करारात मात्र काम पूर्ण झाले तरच मोबदला देय होतो. मग त्याला एक तास लागो की चार.

दोन्ही अटी एकाच वाक्यात घालण्याविषयी आपल्या पूर्वसुरींनी सूक्ष्म चर्चा केली आहे. ‘आजच्या दिवसात एवढ्या पिठाच्या भाकरी एका दिरहममध्ये करून दे’ असा करार इमाम अबू हनीफा (रह.) यांनी सदोष मानला. कारण मोबदला दिवसाचा आहे की भाकरींचा, हे त्यातून कळत नाही. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) व इमाम मुहम्मद (रह.) यांनी तो वैध मानला, कारण त्यांच्या मते करार कामाचाच आहे आणि वेळेचा उल्लेख केवळ त्वरेसाठी आहे. मतभेद असला तरी त्यातून मिळणारा धडा एकच आहे. पैसा नेमका कशाचा, हे निःसंदिग्ध असावे. दैनंदिन नोंदी, पत्रलेखन, फायली लावणे अशा कमी-अधिक होणाऱ्या कामांसाठी तासाचा दर सोयीचा आहे. मासिक विवरणपत्रासारख्या ठरावीक कामासाठी एकरकमी दर अधिक निर्वाद ठरतो.

दर कसा काढावा?

‘प्रचलित मोबदला’ हा शरई निकष आहे, म्हणून प्रारंभ तेथूनच करावा. आपल्या गावात तेवढ्याच पात्रतेच्या पूर्णवेळ हिशेबनीसाला काय मिळते, याची दोन-चार ठिकाणी चौकशी करावी. समजण्यासाठी दरमहा १५,६०० रुपये ही रक्कम धरू. वाचकांनी तेथे आपल्या गावचा आकडा घालावा. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर रोज ६०० रुपये आणि आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ७५ रुपये होतात. महाराष्ट्र शासनाच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत अर्धवेळ कामगारासाठी असाच भागाकार करून त्यावर १५ टक्के वाढ देण्याची पद्धत आली आहे. त्या रीतीने हा दर ८६ रुपये २५ पैसे होतो. अर्धवेळ माणसाचा तास पूर्णवेळ माणसाच्या तासाहून महाग असतो, ही गोष्ट कायद्यालाही मान्य आहे. हा हिशेब शासनाच्या त्या-त्या वेळच्या किमान दराच्या खाली जात नाही ना, हेही पाहून घ्यावे.

परंतु स्वतःचा संगणक घेऊन तीन ठिकाणी काम करणाऱ्या व्यक्तीचा हिशेब येथे संपत नाही. समजा, ती रोज चार तास या व्यवसायाला देते. महिन्याचे १०४ तास झाले आणि ७५ रुपयांच्या दराने तिच्या श्रमाचे मोल ७,८०० रुपये. संगणकाची झीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर, कागद आणि पेट्रोल यांचा मासिक खर्च २,२०० रुपये धरला, तर गरज १०,००० रुपयांची. मात्र १०४ तासांपैकी २४ तास जाण्या-येण्यात, बोलणी करण्यात आणि बदललेले नियम समजून घेण्यात जातात. ते कोणाच्याही बिलात येत नाहीत. उरले ८० तास. १०,००० भागिले ८०, म्हणजे तासाला १२५ रुपये. हा दर ऐकून कोणी भुवया उंचावल्या, तर हा हिशेब त्याच्यापुढे निःसंकोच ठेवता येतो. ज्या दरामागे असा हिशेब आहे तो लोभ नव्हे, आणि ज्या घासाघिशीमागे हिशेब नाही ती काटकसरही नव्हे. लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका, असा उपदेश हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या लोकांना केला होता (सूरह हूद, आयत ८५). श्रम हीदेखील श्रमिकाची वस्तूच आहे.

काम करणारी स्त्री आहे, घर तिच्यावर चालत नाही, म्हणून तिला कमी दिले तरी चालेल, असा विचार काही ठिकाणी केला जातो. पवित्र कुरआनने पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा असल्याचे सांगितले आहे (सूरह अन्-निसा, आयत ३२). मोबदला कामाचा असतो, काम करणाऱ्याच्या घरातील अन्य उत्पन्नाचा नव्हे. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखनकला शिकविली होती, हे येथे स्मरणात ठेवावे.

तास ही अमानत आहे

आतापर्यंत हक्काचा विचार झाला. आता जबाबदारीकडे वळू. सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या प्रारंभी त्या लोकांचा धिक्कार आहे, जे स्वतः घेताना पूर्ण मापून घेतात आणि देताना माप घटवितात. धान मोजणाऱ्याची पायली सर्वांना दिसते. हिशेबनीसाचा तास मात्र एकट्या तिलाच ठाऊक असतो. पस्तीस मिनिटांचे काम तासाच्या खात्यात लिहिणे, एका मालकाच्या तासात दुसऱ्याचे विवरणपत्र भरणे, फोनवरच्या गप्पा कामात धरणे, हे सर्व मापात मारणेच आहे. म्हणून एक छोटी वही ठेवावी : तारीख, सुरुवात, शेवट, केलेले काम. वेळ पंधरा मिनिटांच्या भागांत मोजायची, असे प्रारंभीच दोघांनी ठरवून घ्यावे.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. अनुभवाने हात जलद चालू लागला, पूर्वी तीन तासांचे काम दोन तासांत होऊ लागले, तर कौशल्य वाढूनही कमाई घटते. अशा वेळी मनात येते की तीनच तास लिहावेत. ती वाट बंद आहे. उघडी वाट अशी की मुदत संपताच नवा दर मागावा किंवा कामाचा एकरकमी करार करावा. परस्पर संमतीने मिळालेले अधिक धन हलाल आहे (सूरह अन्-निसा, आयत २९). खोट्या नोंदीने मिळालेला एक रुपयाही हलाल नाही.

उशीर, सवलत आणि भेट

घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वांना परिचित आहे. बुखारीच्या हदीसनुसार, ज्याने मजुराकडून पूर्ण काम घेतले आणि मजुरी दिली नाही, त्याच्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह फिर्यादी असेल. ऐपत असताना देणे लांबविणे हा जुलूम असल्याचेही प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. तथापि, उशिराबद्दल बिलावर टक्केवारीने वाढ लावणे हा उपाय नव्हे, कारण देण्यावर मुदतीपोटी घेतलेली वाढ व्याजाच्या कक्षेत जाते. त्याऐवजी काही रक्कम आगाऊ घ्यावी, पंधरवड्याला बिल द्यावे, आणि थकबाकी राहिल्यास पुढचे काम थांबविण्याची अट आधीच मांडावी. देणारा खरोखर अडचणीत असेल, तर सवड देण्याचा आदेश सूरह अल्-बकराच्या २८० व्या आयतीत आहे.

मदरसा, मशीद किंवा गरजू कुटुंबाला सवलत द्यायची असेल, तर ती अवश्य द्यावी. पण आधी दर सांगावा आणि मग त्यातील एवढा भाग अल्लाहसाठी सोडला, असे म्हणावे. संस्थेच्या चालकांनीही ‘दीनचे काम आहे’ या शब्दांच्या भाराने कोणाचे श्रम फुकट घेऊ नयेत. जकात-सदका वसुलीचे काम करणाऱ्या इब्न अस्-सअदी (रजि.) यांनी मोबदला नाकारला, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी तो घेण्यास सांगितले आणि स्वतः प्रेषितांनी (स.) आपल्यालाही तसेच सांगितल्याचा दाखला दिला. दीनचे काम आणि मोबदला यांत विरोध नाही.

जे काम कोणत्याही दराने करू नये

सूरह अल्-बकराची २८२ वी आयत व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश देते. लेखकाने न्यायाने लिहावे आणि लेखकाला इजा पोचविली जाऊ नये, असेही ती सांगते. म्हणून कच्ची वही एक आणि पक्की वही दुसरी ठेवण्याचा, खोटे बिल लावण्याचा दबाव जो आणतो, तो त्या लेखकावर अन्याय करतो. अशा नोंदीला तासाचा कोणताही दर नसतो. तसेच व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार यांच्यावर प्रेषितांनी (स.) लानत केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. व्याजाचा करारच लिहिणे आणि झालेल्या खर्चाची वहीत नोंद घेणे यांतील भेदाविषयी आजच्या विद्वानांत चर्चा आहे. म्हणून असे खाते स्वीकारण्यापूर्वी विश्वासू मुफ्तींना पूर्ण तपशील सांगून विचारावे.

आता पुन्हा आपल्या भगिनीकडे वळू. तिने मिलमालकाकडे जावे आणि मागील तीन महिन्यांची कटुता मनात न ठेवता एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : काम कोणते, दर किती, वेळ कशी मोजायची, पैसे कोणत्या तारखेला आणि करार कोणत्या महिन्यापर्यंत. बिले उशिरा आल्याने जीएसटीचा विलंब शुल्क बसला तर तो मालकाचा, आणि तिच्या हलगर्जीने बसला तर तो तिचा, हेही त्यात यावे. मागील रकमेचा प्रश्न प्रचलित मोबदल्याच्या कसोटीवर दोघांनी बसून मिटवावा. कागद छोटाच असेल, पण त्यामुळे दोघांची मने आणि दोघांची रोजी स्वच्छ राहील.

अल्लाह आपल्या हातांना चोख काम, आपल्या वह्यांना सत्य आणि आपल्या कमाईला बरकत देवो. आमीन.